थेम्सवर नॅरोबोट: इफ्लीच्या लॉकपर्यंत आणि थोडं पुढे

इंग्लंडमध्ये नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवरची लांब, अरुंद, आत राहायची सोय असलेली बोट, भाड्याने मिळते, ती आपली आपणच चालवायची असते आणि त्यासाठी कुठलंही लायसन्स लागत नाही, हे कळलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, मग लॉकचं काय? (लॉक म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये बोट चढवायचा-उतरवायचा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद.) ओळखीत ज्यांनी ज्यांनी हा उद्योग केला होता त्यांनी लॉकच्या नावाने घाबरवूनच सोडलं होतं. बोट उंबऱ्यावर अडकते, दोर आवळतो, मागचे लोक खोळंबून बघत बसतात. व्हिडिओ बघून मी आणखीच घाबरले. आता जाऊन आल्यावर सांगते, लॉकच्या आत फारसं काही होत नाही. जे व्हायचं ते बाहेर, दरवाजे उघडायची वाट बघताना होतं. आणि त्याच्याही आधी, फॉर्म भरताना आणि फोनवर. मराठीतून कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. लांबणार आहे.

माणसं चार. मी, नवरा आणि साताऱ्याहून आलेले सासूसासरे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नोकरीतली उमेदीची वर्षं कालव्यांवर गेलेली. त्यांना ऑक्सफर्डची कॉलेजं दाखवण्यापेक्षा ऑक्सफर्डचा कालवा दाखवू, ही कल्पना नवऱ्याची. तिथून थेम्सवर उतरून इफ्लीच्या जुन्या लॉकपर्यंत जायचं ठरलं. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "संडास आत आहे ना? मग झालं तर."

बुकिंग जानेवारीत केलं, मे महिन्याच्या उत्तरार्धासाठी. पैशांचं आधीच सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. 57 फुटांची, सहा जण झोपतील अशी बोट, शनिवार ते शनिवार, भाडं 1,500 पाउंडांच्या आसपास. त्यावर डॅमेज वेव्हरचे (बोटीच्या नुकसानीची भरपाई अंगावर येऊ नये म्हणून भरायचे) 60 आणि डिझेलचं डिपॉझिट 100, ते वापरानुसार परत मिळतं. लाइफ जॅकेट फुकट, पण प्रत्येकाचं वजन आधी कळवावं लागतं. सोबत सगळ्यांची नावं आणि वयं लिहिलेली क्रू लिस्ट द्यायची. बाबांचं वय बघून बेसवरून, म्हणजे बोट भाड्याने देणाऱ्यांकडून, फोन आला, की किमान दोन धडधाकट माणसं असायला हवीत. आम्ही दोघं आहोत म्हटल्यावर विषय मिटला. (बाबांना हे सांगितलं नाही. ते तिसरे धडधाकट आहेत.)

थेम्सवर जायचं असेल तर मात्र कागद वाढतात. ऑक्सफर्ड कालवा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि थेम्स एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी यंत्रणेकडे. एकाचं लायसन्स दुसऱ्याकडे चालत नाही. ज्यांची स्वतःची बोट असते ते दोन्हींचा मिळून गोल्ड परवाना काढतात, भाड्याच्या बोटीसाठी नदीवरच्या तेवढ्या दिवसांचा वेगळा परवाना काढतात. त्याची फी बोटीची लांबी गुणिले रुंदी अशी क्षेत्रफळावर ठरते, त्यामुळे लांब बोट घेताना हाही खर्च धरा. आम्हाला साधारण 60 पाउंड पडले. अर्ज बेसवाल्यांनी केला, पण तारखा आम्ही आधी लेखी द्यायच्या होत्या. शिवाय नदीसाठी बोटीवर नांगर लागतो, कालव्यावर तो कुणी ठेवत नाही. "थेम्सवर जाणार" असं बुकिंगच्या फॉर्मवर लिहा, म्हणजे नांगर आणि साखळी तुम्ही पोचायच्या आधी पुढच्या डेकवर असेल.

फॉर्मच्या मागच्या पानावर एक ओळ होती, ती मी तेव्हा दोनदा वाचली: नदीवर पिवळे किंवा लाल बोर्ड लागलेले असतील तर बोट नदीवर न्यायला परवानगी नाही, आणि त्यापायी पैसे परत नाहीत.

बोर्डांचं असं आहे. थेम्सच्या प्रत्येक लॉकवर नदीच्या जोराप्रमाणे पाट्या लावतात. पिवळी पाटी दोन प्रकारची, प्रवाह वाढतोय आणि प्रवाह उतरतोय. वाढत असेल तर इंजिनाच्या बोटींनीही सुरक्षित जागा बघून बांधून राहावं, उतरत असेल तर सांभाळून जावं, असा सल्ला असतो. लाल म्हणजे प्रवाह जोरात, कुणीच जाऊ नये. हे सगळं एजन्सीच्या वेबसाइटवर दोन लॉकमधल्या एकेका टप्प्याप्रमाणे दिसतं. निघायच्या आठवडाभर आधीपासून मी सकाळी चहाच्या आधी ते पान उघडत होते. गुरुवारपर्यंत सगळं स्वच्छ होतं. शुक्रवारी रात्री पाऊस झाला.

शनिवारी दुपारी बोट ताब्यात मिळाली. बेस किडलिंग्टनच्या वरच्या अंगाला, कालव्यावर. शिकवायला आलेल्या माणसाने तासाभरात सगळं दाखवलं. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. रिव्हर्स टाकला की बोट थांबते, पण वळवणं आपल्या हातात राहत नाही. रोज सकाळी तेल बघायचं, रोज संध्याकाळी स्टर्न ग्लँडच्या (मागच्या पंख्याच्या दांड्याभोवतून पाणी आत येऊ न देणारा भाग) ग्रीसची चावी एक वेढा फिरवायची, पाण्याची टाकी जमेल तिथे भरून घ्यायची. मी हे सगळं मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवलं आणि तो व्हिडिओ पुढे रोज लागला. शेवटी हँडओव्हरच्या फॉर्मवर सही. सही करताना त्याने शांतपणे सांगितलं, "नदी पिवळी आहे. सोमवारी फोन करा."

म्हणून रविवार आणि सोमवार आम्ही थ्रप या गावापाशी, कालव्यावरच काढले. नवरा वैतागला होता. बाहेर लख्ख ऊन, पाऊस नाही, मग नदी वाढतेय कशी, असं त्याचं म्हणणं. बाबांना मात्र यात नवल वाटलं नाही. थेम्स उगम पावते कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत, वरचं पाणी खाली उतरायला वेळ लागतो, आणि ऑक्सफर्डला चेरवेलही येऊन मिळते. "पाऊस कुठे पडला ते बघायचं, आपल्या डोक्यावर काय आहे ते नाही," बाबा म्हणाले आणि काठी घेऊन फिरायला निघाले. मीही गेले.

थ्रपपासून टो-पाथने, म्हणजे कालव्याच्या काठच्या पायवाटेने, वरच्या दिशेला गेलं की शिप्टन वेअर लॉक लागतं. इथे कालवा काही अंतर चेरवेल नदीतूनच जातो आणि हे लॉक त्या टप्प्याच्या टोकाला आहे. ऑक्सफर्ड कालव्याची बहुतेक लॉकं जेमतेम 7 फूट रुंद, बोट आत गेली की दोन्ही बाजूंना हातभरही जागा उरत नाही. हे मात्र मधे फुगलेलं, अनेक कोनांचं, एखादं तळंच. उतार अगदी किरकोळ. मला वाटलं नुसती हौस असेल. बाबा काठावर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "उतार कमी आहे ना, म्हणून पसारा मोठा केलाय. खालच्या लॉकला बोटीमागे जेवढं पाणी लागतं तेवढं इथून सुटायला पाहिजे. खोली मिळत नाही, तर क्षेत्रफळ वाढवलं." नंतर वाचलं तर कारण खरंच तेच होतं. थांबावं लागलं नसतं तर आम्ही इकडे फिरकलोही नसतो.

सोमवारी संध्याकाळी पाटी "उतरतोय"वर आली. मंगळवारी सकाळी आमच्या टप्प्यातल्या पाट्या निघाल्या. बेसला फोन केला, त्यांनी स्वतः तपासून होकार दिला. फोन ठेवल्यावर मी वेळ आणि बोललेल्याचं नाव डायरीत लिहून ठेवलं. उद्या काही झालं तर परवानगी होती की नव्हती हा वाद नको.

कालव्यावरून थेम्सवर उतरायला दोन वाटा आहेत. एक थेट शहरात, आयसिस लॉकमधून. दुसरी त्याच्या बरीच आधी, ड्यूक्स कट. हा छोटा जोडकालवा ड्यूक ऑफ मार्लबरोने 1789 मध्ये काढला. आम्ही जाताना कट आणि येताना आयसिस असं ठरवलं, म्हणजे त्याच पाण्यातून परत यायला नको. कटचं वळण काटकोनात आहे आणि 57 फुटांची बोट तिथे एका दमात वळत नाही. वेग पूर्ण काढून घ्यायचा, नाक वळेपर्यंत थांबायचं, मग थोडासा जोर द्यायचा. घाई केली की समोरच्या झाडीत.

मग एका क्षणी काठ लांब गेले आणि आम्ही नदीत होतो. दोन दिवस दोन्ही हातांना काठ असण्याची सवय झाली होती. इथे पाणी बोटीखालून वाहत असल्याचं पायांना कळत होतं. लगेच किंग्ज लॉक येतं. नदीने खाली येताना हाताने चालवायचं हे शेवटचं लॉक, याच्या खालची सगळी यंत्रावर चालतात. आम्ही पोचलो तेव्हा "सेल्फ सर्व्हिस"ची पाटी लावलेली, म्हणजे लॉक सांभाळणारा लॉककीपर नाही, आपलं आपण चालवायचं. कालव्यावर प्रत्येक लॉकसाठी आपली विंडलस, म्हणजे फिरवायची ती वाकडी चावी, हातात घेऊन उतरावं लागतं. थेम्सवर ती लागत नाही, झडपांची चाकं तिथेच बसवलेली असतात. नवरा चाक फिरवत होता आणि बाबा दरवाज्याच्या लांब लाकडी दांडीला पाठ लावून उभे. पाणी समपातळीत येईपर्यंत दांडी तसूभर हलत नाही, आणि आलं की एक माणूस पाठीने रेटून एवढा थोरला दरवाजा उघडतो. बाबांनी तो एकट्याने उघडला. फोटो साताऱ्याच्या ग्रुपवर गेला.

गॉडस्टोला लॉककीपर होता. तिथून पुढे डाव्या हाताला पोर्ट मेडोचं कुरण पसरलेलं, गायी-घोडी पाण्यात उतरून उभी. आई एवढा वेळ आत भाजी निवडत बसल्या होत्या, त्या बाहेर आल्या आणि ऑस्नीपर्यंत आत गेल्या नाहीत.

ऑस्नीचा पूल ठेंगणा आहे, खाली मोकळी जागा फक्त साडेसात फूट. मोठ्या क्रूझर याच्यामुळे वर जाऊच शकत नाहीत. नॅरोबोट सहज जाते, पण छपरावर सायकली किंवा कुंड्या असतील तर आधीच उतरवा. पुलानंतर लगेच लॉक. ऑस्नीचं लॉक 1790 मध्ये ऑक्सफर्डच्या कैद्यांकडून बांधून घेतलेलं आहे. इथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि ती लॉकची नव्हती.

दरवाजे बंद होते, खालून बोटी वर येत होत्या, म्हणून थांबायचं होतं. लॉकच्या अलीकडे एका काठाला बोटींनी थांबण्यासाठी धक्का असतो, आणि दुसऱ्या अंगाला नदीचं बाकीचं पाणी बंधाऱ्याकडे ओढीने निघालेलं असतं. प्रवाह मागून येत होता. अशा वेळी पुढचा दोर आधी बांधला तर नाक जागेवर राहतं आणि शेपूट प्रवाहाबरोबर सुटून बोट आडवी होते. म्हणून आधी मागचा दोर. हे शिकवणाऱ्याने सांगितलेलं, मी टिलरजवळ चिठ्ठी लावून ठेवलं होतं: "खाली जाताना आधी मागे." धक्क्याजवळ येईपर्यंत वेग जवळजवळ शून्य, मग हलका रिव्हर्स, मी मागचा दोर हातात घेऊन काठावर पाऊल ठेवलं (उडी नाही, उडी मारायची वेळ आली तर बोट अजून लांब आहे) आणि बोलार्डला, म्हणजे काठावरच्या दोर बांधायच्या खुंटाला, एक वेढा दिला. दोर ताणला, करकरला, बोट थांबली. एवढंच. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या हाताला घाम आला होता. पुढची सगळी लॉकं मला यापेक्षा सोपी गेली.

आतलं काम अगदी सरळ आहे. लॉककीपर सांगेल त्या बाजूला जायचं, इंजिन बंद, रेडिओ बंद. पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर काठावरच्या बोलार्डभोवती घालून टोक आपल्याच हातात ठेवायचं. बांधायचं नाही. खाली जाताना पाणी उतरेल तसा दोर सोडत राहायचा, नाहीतर बोट दोरावर लटकते. वरच्या दरवाज्यांच्या पायथ्याला काँक्रीटचा उंबरा असतो, पाणी उतरलं की तो उघडा पडतो. भिंतीवर पांढऱ्या रेघेने त्याची हद्द दाखवलेली असते, बोटीची शेपूट त्या रेघेच्या पुढे राहिली पाहिजे. सगळे घाबरवतात तो उंबरा हाच. रेघ बघून बोट उभी केली आणि दोर हातात असला की त्याचं काही वाटत नाही.

फॉली ब्रिज ओलांडला की नदी विद्यार्थ्यांची. आठ-आठ वल्ह्यांच्या अरुंद बोटी बाणासारख्या येत होत्या, काठावरून सायकलवर कोच ओरडत होते. आम्ही गेलो तो आठवडा समर एट्सचा, म्हणजे कॉलेजांच्या शर्यतींचा, होता. बुधवार ते शनिवार शर्यती असतात आणि त्या चालू असताना इफ्ली ते फॉली ब्रिज हा टप्पा बाकी बोटींना बंद ठेवतात. ही गोष्ट बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही. मला एजन्सीच्या सूचनांमध्ये सापडली, म्हणून आम्ही मंगळवारीच तिथून निघून जायचं ठरवलं होतं, आणि मंगळवारीच पाट्या निघाल्या. मे महिन्यात जाणार असाल तर शर्यतींच्या तारखा आधी बघा.

इफ्लीला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. लॉक एका बेटावर, भोवती फुलांचे वाफे, कापलेली हिरवळ, छोट्या होड्या ओढून पलीकडे न्यायला रुळांची उतरंड आणि तिच्यावर लाकडी पूल. उतार मीटरभरही नाही. आमच्यासोबत एक क्रूझर आणि एक छोटी होडी. दोर सोडायला लागले आणि संपलंच.

ज्या लॉकसाठी एवढा घाट घातला ते इतकं साधं निघालं. त्याची मातब्बरी आहे ती जुनेपणाची. बाबांनी लॉककीपरला विचारायला लावलं, की इथेच का लॉक बांधलं. तिने दोरखंड गुंडाळता गुंडाळता सांगितलं, इथे गिरणी होती. ती गिरणी 1908 मध्ये जळाली. गिरणीसाठी नदीला बंधारा, आणि बंधाऱ्यामुळे बोटींची वाट बंद. जुन्या काळी बंधाऱ्याचा एक भाग काढता यायचा. तो काढला की साठलेलं पाणी लोंढ्याने सुटायचं, त्या लोंढ्यावरून बोटी खाली जायच्या, आणि वर जाणाऱ्यांना दोराने ओढून घ्यावं लागायचं. पाणी कधी सोडायचं ते गिरणीवाल्याच्या मर्जीवर, आणि त्याचे पैसेही त्यालाच. मी हे मराठीत सांगितल्यावर बाबा हसायला लागले. "म्हणजे कालव्यासारखंच, वरचा हेडवाला सोडेल तेव्हा शेवटच्या टेलवाल्याला मिळणार. भांडणं होत असणार."

होतच होती. शिवाय ऑक्सफर्डच्या खाली बर्कटपर्यंतची नदी इतकी अडलेली आणि उथळ, की माल बर्कटला उतरवून गाड्यांनी शहरात न्यावा लागे. त्यावर 1605 आणि 1624 मध्ये संसदेने कायदे करून आयोग नेमला, ऑक्सफर्ड-बर्कट कमिशन. आयोगाने 1630 च्या दशकात तीन ठिकाणी दोन्हीकडे दरवाजे असलेली, आजच्या धर्तीची लॉकं बांधली: इफ्ली, सँडफर्ड आणि ॲबिंग्डनजवळ स्विफ्ट डिच. थेम्सवरची ही पहिली तीन. 1635 मध्ये मालाची नाव ऑक्सफर्डपर्यंत पोचली. आज दिसतं ते इफ्लीचं बांधकाम 1924 चं आहे, पण जागा तीच.

रात्री बोट कुठे बांधावी हे लॉककीपरलाच विचारलं. हे प्रत्येक ठिकाणी विचारा. काही जागा 24 तास फुकट असतात, काही खासगी असतात आणि संध्याकाळी कुणीतरी येऊन पैसे मागतं, आणि हे त्यांना पाठ असतं. जेवणाआधी लॉकच्या दरवाज्यांवरून चालत पलीकडे इफ्ली गावात गेलो. तिथलं सेंट मेरीज हे बाराव्या शतकातलं चर्च दाराच्या कमानीसाठी बघावं, नागमोडी नक्षीच्या ओळी आणि चोच रोवून बसलेल्या पक्ष्यांची डोकी. आईंना ती हेमाडपंती देवळाच्या चौकटीच्या जातकुळीची वाटली, आणि त्यांनी चपला काढून आत पाऊल ठेवलं. नदीच्या पलीकडच्या कुरणात एप्रिलमध्ये फ्रिटिलरीची चौकटी-चौकटींची जांभळी फुलं येतात, आम्हाला उशीर झाला होता.

बुधवारी सँडफर्ड. हे इफ्लीच्या उलट, उतार अडीच मीटरच्या वर. आम्ही लॉककीपरच्या जेवणाच्या सुट्टीत पोचलो, म्हणजे पुन्हा सेल्फ सर्व्हिस, पण या वेळी यंत्रावर. खांबावर बटणं आणि खाली पायरीपायरीने सूचना. आधी पलीकडचे दरवाजे आणि झडपा बंद आहेत ना ते बघायचं, मग झडप उघडायचं बटण दाबून धरायचं. बटण सोडलं की थांबतं, हे मला आवडलं. नवरा आणि बाबा दोर धरून बोटीवर, मी वर. वरून बघताना बोट हळूहळू खोल हौदात उतरत गेली, भिंती ओल्या हिरव्या शेवाळाने माखलेल्या, साखळ्यांमधून पाणी ठिबकत होतं, आणि शेवटी खाली बाबांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. "सोडतोय," ते खालून ओरडत होते, "तू घाई करू नकोस." शेजारच्या बंधाऱ्यावर विजेसाठी आर्किमिडीजच्या पद्धतीचे तीन मोठे स्क्रू फिरतात. बाबा ते बघायला गेले आणि त्यांना परत आणायला माणूस पाठवावं लागलं. बंधाऱ्याखालचा डोह मात्र लांबूनच बघा. तिथे बुडून मेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ दगडी स्तंभ उभा आहे.

ॲबिंग्डनच्या अलीकडे डाव्या हाताला एक पाण्याची वाट फुटलेली दिसते, झाडीने झाकलेली. तीच स्विफ्ट डिच. आयोगाच्या काळात बोटी तिकडून जायच्या, पुढे 1790 मध्ये ॲबिंग्डनचं लॉक झालं आणि वाहतूक इकडे वळली. आत जुन्या लॉकचे अवशेष आहेत, पण बोटीने जाता येत नाही. ॲबिंग्डनला नदीकाठी बोट बांधायला काही द्यावं लागलं नाही, पाणी भरलं, दुकान जवळ होतं. रात्री आईंनी पिठलं केलं.

गुरुवारी पहाटे निघालो, कारण शर्यती सुरू व्हायच्या आत फॉली ब्रिजच्या वर पोचायचं होतं. वर जाताना लॉकचं वागणं वेगळं असतं. सँडफर्डला आम्ही खोल हौदाच्या तळाशी, बोलार्ड पार डोक्यावर. दोर फेकून पोचला नाही तर लॉककीपर लांब काठीच्या आकड्याने तो उचलून बोलार्डला घालतो आणि टोक परत आपल्याकडे सोडतो. पाणी आत यायला लागलं की पुढून उकळल्यासारखं उसळतं आणि बोट मागे-पुढे ओढ घेते. इथे दोर सोडायचा नसतो, येणारा ढिलेपणा सतत ओढून घ्यायचा असतो. नवऱ्याचे तळहात सोलवटले. हातमोजे न्या, बागकामाचेही चालतात.

इफ्ली सकाळी दहाच्या आत ओलांडलं. ऑस्नीच्या पुलाखालून थोडं वर गेलं की उजवीकडे शीपवॉश चॅनल, नदी आणि कालव्याला जोडणारी छोटी पाण्याची वाट. त्यातून जुन्या रेल्वेच्या फिरत्या पुलाशेजारून आयसिस लॉक. हे मूळचं रुंद होतं, पुढे अरुंद करून 7 फुटांवर आणलं. नदीच्या ऐसपैस लॉकांनंतर आमची 6 फूट 10 इंचांची बोट त्यात घालताना मी श्वास रोखला होता. कालव्याच्या शांत, बिनओढीच्या पाण्यात आल्यावर बाबा म्हणाले, "आता हा आपला."

शनिवारी सकाळी नऊला बोट परत. टाकी तपासली, डिझेलचे 70 च्या आसपास कापून बाकीचे आठवड्यात खात्यावर आले. नांगर एकदाही पाण्यात गेला नाही. परवान्याचे 60 पाउंड नदी बंद राहिली असती तरी परत मिळाले नसते. हे मी बुकिंगच्या वेळी विचारून घेतलं होतं. तुमच्या बेसचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा विचारा आणि उत्तर ई-मेलवर मागा.